कीटो सुरू करण्याआधी गोळ्यांचा डबा उघडा

प्रश्न: माझे दीर ३४ वर्षांचे आहेत. बायपोलरसाठी (मन कधी उन्मादात, कधी नैराश्यात जाण्याचा आजार) त्यांना बरीच वर्षं लिथियम आणि ओलान्झापिन चालू आहे. वजन ९६ किलोवर गेलंय, एचबीए१सी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) ६.९ आलं म्हणून मेटफॉर्मिन आणि डापाग्लिफ्लोझिन सुरू झालं. आता मोबाईलवर व्हिडिओ बघून त्यांनी ठरवलंय की कीटो करायचं (भाकरी, भात, साखर जवळजवळ बंद आणि तूप-लोण्यासारखे स्निग्ध पदार्थ भरपूर), त्यानं साखरही जाते आणि डोकंही शांत होतं, मग गोळ्याच बंद. सासूबाईंनाही शुगर आहे, त्या म्हणतात मीपण करते. आम्ही मटण-भाकरी खाणारी माणसं, सोमवार आणि श्रावण पाळतो. करू द्यावं का? आणि करायचं तर कोल्हापुरात घरच्या स्वयंपाकात ते बसवायचं कसं?

उत्तर:

ताई, तुम्ही भाकरीचं आणि मटणाचं विचारलंय, पण मी आधी गोळ्यांचं बोलणार आहे. तुमच्या घरात कीटोमुळे काही बिघडलंच तर ते तुपानं बिघडायची शक्यता कमी. धोका आहे तो चालू गोळ्या आणि नवा आहार एकमेकांवर आपटण्याचा. हे व्हिडिओत कुणी सांगत नाही, कारण व्हिडिओवाल्याला तुमच्या भावजींच्या डब्यात काय आहे ते ठाऊक नसतं.

सगळ्यात घाईचं आहे ते डापाग्लिफ्लोझिन. ही गोळी रक्तातली जादा साखर लघवीवाटे बाहेर काढते. त्यामुळे इन्सुलिन थोडं खाली येतं, शरीर उपासाच्या चालीवर जातं आणि यकृत चरबीपासून कीटोन, म्हणजे साखरेऐवजी वापरायचं इंधन, तयार करायला लागतं. एरवी हे थोडक्यात असतं, चालून जातं. त्यावर भाकरी, भात, साखर एकदम बंद केली की गोळी आणि आहार दोघं मिळून त्याच दिशेला ढकलतात. कीटोन वाढत जाऊन रक्त आम्लधर्मी व्हायला लागलं की त्याला कीटोअ‍ॅसिडोसिस म्हणतात, आणि तो आयसीयूचा आजार आहे. नेहमीच्या कीटोअ‍ॅसिडोसिसमध्ये ग्लुकोमीटरवर साखर तीनशे-चारशे दिसते, माणूस घाबरून दवाखाना गाठतो. इथे साखर १६०-१८० दिसू शकते. घरचे म्हणतात, साखर तर बरी आहे, पित्त झालं असेल, सोडा द्या. अमेरिकेच्या औषध नियामकानं २०१५ मध्येच या गटातल्या गोळ्यांबद्दल हा इशारा दिला आहे. मळमळ, उलट्या, पोटात दुखणं, धाप लागल्यासारखा जोरजोरात श्वास, गळून जाणं, यातलं काही या गोळीवर असताना दिसलं तर साखर कितीही असो, त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रक्तातले कीटोन तपासून घ्यायचे. म्हणून नियम सरळ आहे: कीटो करायचं असेल तर डापाग्लिफ्लोझिन आधी थांबवायचं, आणि ते थांबवणार फिजिशियन. ते म्हणाले गोळी राहू दे, तर कीटो नाही.

इथे एक गोष्ट मला रोज दिसते. लोक म्हणतात, मला शुगरची एकच गोळी आहे. चिठ्ठी बघितली तर त्या एका गोळीत मेटफॉर्मिन आणि डापाग्लिफ्लोझिन दोन्ही असतात. २०२० मध्ये डापाग्लिफ्लोझिनचं पहिलं पेटंट संपलं, मग बऱ्याच कंपन्यांनी ते काढलं, स्वस्त झालं, जोडगोळ्या आल्या. मेडिकलमध्ये एक ब्रँड नसला की दुसरा मिळतो, पाकिटाचा रंग बदलतो. त्यामुळे डॉक्टरांकडे जाताना नुसती जुनी चिठ्ठी नेऊ नका. सध्या खाताहेत ती पाकिटंच पिशवीत घालून न्या.

आता लिथियम. कर्बोदकं तोडली की पहिल्या आठवड्यात इन्सुलिन उतरतं आणि मूत्रपिंडं मीठ-पाणी भराभर सोडतात. पहिल्या आठ दिवसांत जे तीन-चार किलो "उडाले" म्हणून लोक खूश होतात, त्यातलं बरंचसं हेच पाणी. शरीरात साठवलेल्या साखरेच्या, म्हणजे ग्लायकोजेनच्या, प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी असतं, तेही जातं. अंगातलं पाणी आणि सोडियम कमी झालं की मूत्रपिंड सोडियम धरून ठेवायला बघतं, आणि लिथियमही त्याच वाटेनं परत आत घेतलं जातं. गोळी तेवढीच, पण रक्तातली पातळी चढते. लिथियमची उपचाराची पातळी साधारण ०.६ ते १.० आणि त्रासाची १.५ च्या पुढे, म्हणजे मधली जागा अरुंद. हात जास्त थरथरणं, जुलाब, उलटी, बोलताना जीभ जड होणं, चालताना तोल जाणं ही चढत्या पातळीची खूण आहे.

त्यात आणखी एक फास असतो. कीटोच्या पहिल्या आठवड्यात डोकं दुखतं, पिंढऱ्या वळतात, अंग मोडून येतं. माणूस काय करतो? मेडिकलमधून आयबुप्रोफेन नाहीतर डायक्लोफिनॅक आणतो. या वेदनाशामकांनी लिथियमची पातळी आणखी वाढते. बीपीच्या टेल्मिसार्टनसारख्या आणि लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्यांनीही वाढते. डोकं दुखलं तर पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांच्या कानावर घालून. उलट बाजूनं, व्हिडिओत "मीठ भरपूर खा, मिठाचं पाणी प्या" असं सांगतात. मीठ अचानक वाढवलं तर लिथियम लघवीतून जास्त निघून जातं, पातळी घसरते आणि आजार डोकं वर काढतो. तुमच्या भावजींनी मीठ किती खायचं हे महत्त्वाचं, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे रोज तेवढंच खायचं. आज खर्डा-पापड आणि उद्या अळणी, असं नाही. आणि लिथियमची रक्ततपासणी: आहार बदलण्याआधी एकदा, मग पहिल्या एक-दोन आठवड्यांत, मग डॉक्टर सांगतील तशी. रक्त शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी द्यायचं, नाहीतर आकडा फसवा येतो.

गोळ्या बंद करून कीटो, या बेताला माझं उत्तर स्पष्टपणे "नाही" असं आहे. लिथियम एकाएकी बंद केलं की आजार उलटण्याचा धोका मोठा असतो, आणि उलटतो तेव्हा पहिल्यापेक्षा सौम्य उलटेल याची काही हमी नाही. भावजींना हे सांगताना "व्हिडिओ खोटे आहेत" असं म्हणू नका. कारण ते पूर्ण खोटे नाहीत, आणि तसं म्हटलं की ते तुमचं पुढचं ऐकणार नाहीत.

या आहाराची गोष्ट जुनी आहे. अपस्माराच्या (फिट येण्याच्या आजाराच्या) रुग्णांना उपास घडला की झटके कमी होतात हे लोकांना फार पूर्वीपासून दिसत होतं. १९२१ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनी विचार मांडला की उपाशी न ठेवता, भरपूर स्निग्ध पदार्थ देऊन तीच अवस्था आणता येईल, आणि त्या आहाराला कीटोजेनिक हे नाव दिलं. १९३८ मध्ये फेनिटॉइन हे झटक्यांवरचं औषध आलं, गोळी देणं सोपं होतं, आहार मागे पडला. १९९० च्या दशकात तो परत आला. २००८ मध्ये लंडनमधल्या १४५ मुलांच्या अभ्यासात, ज्यांचे झटके औषधांना दाद देत नव्हते, त्यांतल्या आहार दिलेल्या ३८ टक्के मुलांचे झटके निम्म्याहून कमी झाले. आहार न दिलेल्या गटात हेच प्रमाण ६ टक्के होतं. अपस्मारासाठी हा आहार आज मान्य उपचार आहे, आणि तो ग्रॅमच्या काट्यावर मोजून, रक्त-लघवी तपासत दिला जातो. मी मुलांना हा आहार देते तेव्हा स्वयंपाकघरात वजनकाटा असल्याशिवाय सुरुवातच करत नाही.

मनोविकारांकडे हा विचार वळला तो याच वाटेनं. व्हॅल्प्रोएट, कार्बामाझेपिन, लॅमोट्रिजिन ही मुळात झटक्यांची औषधं, तीच बायपोलरमध्येही चालतात. मग झटक्यांवर चालणारा आहार इथे चालेल का, हा प्रश्न कुणालाही पडेल. मेंदू एरवी ग्लुकोजवर चालतो, दिवसाला साधारण १२० ग्रॅम लागतं. दीर्घ उपासात तो निम्म्याहून जास्त ऊर्जा कीटोनमधून घेऊ शकतो. या बदलानं मेंदूच्या पेशींची ऊर्जा, त्यांची उत्तेजना, शरीरातला दाह, इन्सुलिनचा प्रतिकार यांवर काय परिणाम होतो यावर काम चाललंय.

पुरावा किती? २०२४ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचा अभ्यास आला, स्किझोफ्रेनिया आणि बायपोलरचे २१ रुग्ण, चार महिने. वजन उतरलं, चयापचयाचे आकडे सुधारले, आजाराच्या तीव्रतेच्या मोजणीत सरासरी ३१ टक्के सुधारणा दिसली. व्हिडिओत इथपर्यंत सांगतात. पुढचं मी सांगते. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, म्हणजे सुधारणा आहारानं झाली, की वजन उतरल्याच्या आनंदानं, की चार महिने कुणीतरी रोज विचारपूस केली म्हणून, हे वेगळं काढता येत नाही. आणि हे सगळे रुग्ण गोळ्या घेत होते. स्कॉटलंडमध्ये एडिनबरोला बायपोलरच्या २७ जणांना घेऊन असाच छोटा प्रयोग झाला. सहा ते आठ आठवड्यांचा आहार, मदतीला आहारतज्ज्ञ, तरी शेवटपर्यंत २० जण टिकले. माझं मत असं: आशा धरण्याजोगं आहे, गोळ्यांच्या जोडीनं करून बघण्याजोगं आहे, गोळ्यांच्या जागी ठेवण्याजोगं नाही.

शरीराच्या बाजूनं पुरावा जास्त आहे, पण तिथे कीटोच हवं असं दिसत नाही. ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) बहुधा उतरतात, साखर उतरते, भूक मंदावते हे खरं. काहींचं एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) मात्र चांगलंच वर जातं, म्हणून लिपिडची, म्हणजे रक्तातल्या चरबीची, तपासणी आधी आणि तीन महिन्यांनी हवीच. २०१८ मध्ये ६०९ जणांवर वर्षभराचा एक अभ्यास झाला, कमी स्निग्ध विरुद्ध कमी कर्बोदकं. वर्षाअखेर दोन्ही गटांचं वजन साधारण पाच-सहा किलोनं उतरलं, फरक नगण्य. आपल्याकडे आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) मधुमेह अभ्यासातल्या अठरा हजारांवर लोकांच्या आहारावरून २०२२ मध्ये जे गणित मांडलं गेलं, त्यात मधुमेह मागे हटवायला कर्बोदकांचा वाटा ऊर्जेच्या ४९ ते ५४ टक्क्यांवर आणायचा आणि प्रथिनं १९-२० टक्क्यांवर न्यायची असं निघालं. हे कीटोच्या जवळपासही नाही. आपल्या ताटात कर्बोदकंच साठ टक्क्यांच्या वर असतात, म्हणून थोडं कापलं तरी फरक पडतो.

म्हणून मी भावजींना थेट कीटोवर घेणार नाही. आधी महिनाभर एवढंच: चहातली साखर बंद, संध्याकाळचा वडा आणि भेळ बंद, रात्रीचा भात बंद, दुपारी एक भाकरी, आणि प्रत्येक जेवणात अंडी, मासे, चिकन, पनीर किंवा घट्ट दही यातलं काहीतरी ठळक. दिवसाला सहा कप चहा आणि कपाला दोन चमचे म्हटलं तर साखरच साठ ग्रॅम होते. कीटोमध्ये अख्ख्या दिवसाची कर्बोदकं वीस ते पन्नास ग्रॅम असतात, यावरून अंदाज घ्या. पुष्कळांचं काम या महिन्यातच होतं. मग पुढे जायचं का ते डॉक्टरांबरोबर बसून ठरवायचं. याच भेटीत मानसोपचारतज्ज्ञांना ओलान्झापिनबद्दलही विचारा. त्या औषधानं भूक आणि वजन वाढतं हे त्यांना माहीत असतं. पर्याय आहे का हे तेच सांगतील.

त्यापुढे खरंच कीटो करायचं ठरलं, तर कोल्हापूरचं स्वयंपाकघर त्याला वाटतं तितकं परकं नाही. मटण सुकं चालतं. पांढरा रस्सा घरचा असेल तर उत्तम: मटणाचा स्टॉक, नारळाचं दूध, तीळ, खसखस, काजू मात्र मोजके, कारण काजूत कर्बोदकं बरीच असतात. तांबड्या रश्श्यात भाजलेला कांदा किती पडला ते बघायचं, शंभर ग्रॅम कांद्यात नऊ-दहा ग्रॅम कर्बोदकं असतात. खरी अडचण रश्श्याबरोबरच्या भाकरीची. मध्यम भाकरीला साठेक ग्रॅम पीठ लागतं, म्हणजे एका भाकरीत चाळीस ग्रॅम कर्बोदकं, संपला दिवस. रस्सा ओरपायचा आणि भाकरी नाही, हे आपल्या माणसाला पहिले पंधरा दिवस शिक्षेसारखं वाटतं. कोबी किसून, तुपावर परतून त्यावर सुकं वाढलं तर थोडं सुसह्य होतं.

शाकाहाराच्या दिवशी मेथी, पालक, अंबाडी, वांगं, दोडका, दुधी, फ्लॉवर, ढोबळी मिरची यांवर भर द्यायचा. सोबत पनीर, टोफू, दही, शेंगदाण्याचा मोजका कूट, तीळ. मटकीची उसळ, डाळ, मिसळ यांत कर्बोदकं भरपूर, पाव काढला तरी. आणि उपास! साबुदाणा, वरी, बटाटा, रताळं, केळं, म्हणजे उपासाच्या ताटाइतकं कीटोविरोधी ताट दुसरं नाही. श्रावणात हा आहार सुरू करूच नका. सोमवारी उपास धरायचाच असेल तर दही, पनीर, शेंगदाणे, काकडी. निर्जळी किंवा फक्त पाण्यावरचा उपास लिथियम चालू असताना नको, कीटो असो वा नसो.

तुमच्या भावजींसारखे बरेच जण मला म्हणतात, तालमीतले पैलवान लोणी-तूप-बदाम खाऊन धडधाकट असतात, मग आम्हाला काय होतंय? पैलवान तुपाबरोबर दूध आणि भाकरी-चपातीही पोटभर खातो, आणि पहाटेपासून जोर-बैठका मारून ते सगळं जिरवतो. ते कीटो नव्हे. धारोष्ण दुधाचा मोठा पेलाही दहा-बारा ग्रॅम लॅक्टोज घेऊन येतो. (कच्चं दूध मी तसंही कुणाला सुचवत नाही, त्यातून ब्रुसेलोसिससारखे आजार होतात.) तसंच खोबरेल तेल म्हणजे एमसीटी तेल (ज्याचे कीटोन लवकर होतात ते तेल) नव्हे. खोबरेलात मुख्यतः लॉरिक आम्ल असतं, ते कीटोन करण्यात तितकं तरबेज नाही. महागड्या बाटल्या आणि बदामाच्या पिठाचे ब्रेड यांची गरज नाही. गोडाची चटक मोडायची असताना कीटो मिठाई आणून ठेवण्यात काय अर्थ?

सुरुवातीला या तपासण्या हव्यात: लिथियम पातळी, क्रिएटिनिन, सोडियम-पोटॅशियम, यकृत, लिपिड, एचबीए१सी, युरिक आम्ल, लघवी, आणि टीएसएच, कारण लिथियमनं थायरॉइड मंदावू शकतं आणि वजन त्यानंही वाढलेलं असू शकतं. पूर्वी मुतखडा, पित्ताशयाचे खडे, स्वादुपिंडाची सूज झाली असेल तर आधीच सांगा. घरी एक शंभर पानी वही करा. रोज चार रकाने: किती तास झोप, वजन, पाणी किती, मनःस्थिती एका शब्दात. यातला झोपेचा रकाना माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोलाचा. कीटोच्या पहिल्या काही आठवड्यांत काहींना एकदम तरतरी येते. इतरांसाठी ती चांगली बातमी. बायपोलरच्या माणसाची झोप सात तासांवरून चारवर आली, तरी तो ताजातवाना, बोलणं वाढलं, खरेदी वाढली, तर ते आहाराचं यश समजू नका, ती उन्मादाची चाहूल असू शकते. दोन रात्री ओळीनं असं झालं की मानसोपचारतज्ज्ञांना फोन. रात्री-अपरात्री कुणी सापडलं नाही तर सरकारी टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक आहे, मराठीतही बोलता येतं. जिवाचं काही बरंवाईट करण्याची भाषा आली तर मात्र फोनवर न थांबता थेट रुग्णालय.

कीटोन मोजायचे तर रक्तातले मोजलेले बरे. साधारण ०.५ ते ३ ही आहारातली पातळी. लघवीच्या पट्ट्या स्वस्त पडतात, पण काही आठवड्यांनी त्या फिकट दाखवतात आणि माणूस उगाच आणखी कमी खायला लागतो. तीन-चार महिने करून वहीत आणि तपासणीत काही हाती लागलं नाही, तर हळूहळू कर्बोदकं वाढवत बाहेर यायचं. दसऱ्याच्या श्रीखंड-पुरीवर एकदम मोडायचं नाही, कारण उलट्या दिशेनंही मीठ-पाणी हलतं आणि लिथियम परत तपासावं लागतं.

राहिल्या सासूबाई. त्यांनी कीटो करू नये. तुम्ही त्यांच्या गोळ्यांची नावं लिहिलेली नाहीत. त्यात ग्लिमेपिराइड असेल, जे या वयात अनेकांना असतं, तर भाकरी बंद झाल्यावर साखर धाडकन खाली जाऊ शकते: घाम, थरथर, गरगरणं, कधी बेशुद्धी. त्यांच्यासाठी दोनाच्या जागी एक भाकरी, भात अर्धी वाटी, सोबत एक अंडं किंवा वाटीभर दही, एवढंच, आणि तेही त्यांच्या डॉक्टरांना आधी कळवून, म्हणजे ते गोळीचा डोस बघतील. घरात एकाचं ताट वेगळं झालं की बाकीचे हौसेनं सामील होतात, हे मी जाणते. त्यांना भावजींच्या वहीचं काम द्या, झोपेचा रकाना त्याच नीट भरतील, कारण रात्री घरात कोण जागं असतं ते त्यांनाच कळतं.